राहिलेले दोन पेपर

रविवारी सकाळी आई लिंबू-मिठानं तांब्याची कढई घासत होती, आणि ज्या जोरानं घासत होती त्यावरूनच ओतिलियाला कळलं, की आज या घरात परीक्षेचा ‘प’सुद्धा कुणी काढायचा नाही. आईचा, म्हणजे डोन्या चोलेचा, राग तोंडातून क्वचित यायचा. तो भांड्यांतून यायचा. सुनेवर चिडली की तवे आपटायची, मुलीवर चिडली की कढई घासायची. आता कढईत तोंड दिसायला लागलं होतं, तरी बाई थांबेना.

“मीठ संपलं,” मान वर न करता ती म्हणाली. “आणखी दे.”

“विगोत्स्कीत बघ, आई.”

“त्या मेल्यात साखर आहे.”

“साखर पियाजेत होती! तू परत झाकणं बदललीस ना?”

“माझे डबे, माझी झाकणं. दीड वर्ष झालं, तुमचे हे पंडित माझ्या फळीवर फुकट राहताहेत, वर त्यांचे नखरे!”

दीड वर्षापूर्वी ओतिलियाच्या लेकीनं, इत्सेलनं, प्रत्येक डब्याच्या झाकणावर एकेका शिक्षणतज्ज्ञाचं नाव चिकटवलं होतं आणि खाली डब्याच्या पोटावर बारीक अक्षरात तो काय म्हणाला ते. म्हणजे आईला स्वयंपाक करता करता पाठ व्हावं. कारण आईला दिवसभर बालवाडीतली अठ्ठावीस पोरं आणि संध्याकाळी घर. पुस्तक घेऊन बसायला वेळ होता कुणाला? सरकारनं नवा नियम काढला होता, की बालवाडीत शिकवायचं असेल तर पदवी पाहिजे. मात्र ज्यांची अर्धी हयात पोरांत गेली त्यांनी कॉलेजात जाऊन बसायची गरज नव्हती. जे येतं ते परीक्षा देऊन सिद्ध करायचं: आधी लेखी, मग आपल्याच वर्गातल्या एखाद्या प्रसंगावर निबंध, आणि शेवटी मोरेलिया शहरात तीन परीक्षकांसमोर तोंडी. वयाच्या बावन्नाव्या वर्षी ओतिलियानं पहिल्या दोन पायऱ्या चढल्या होत्या. तिसरी गुरुवारी होती.

मग अशा घरात आनंदीआनंद असायला हवा होता की नाही? पण पंचाईत अशी, की सांता क्लारा गावाच्या हिशेबी ओतिलिया तीस वर्षांपूर्वीच पदवीधर झालेली होती.

तो फोटो अजून बैठकीत भिंतीवर होता. डोक्यावर गोंड्याची टोपी, अंगावर झगा, हातात फीत बांधलेली गुंडाळी (आत कोरा कागद, फोटोवाल्याच्या मालकीचा) आणि बोटात अंगठी. त्या वर्षी शेवटच्या सहामाहीत तिच्या वडिलांना झटका आला, उजवी बाजू गेली, आणि ओतिलिया मोरेलियाचं वसतिगृह सोडून घरी आली ती आलीच. दोन पेपर राहिले. पण डोन्या चोलेनं तोवर सगळी जुळवाजुळव करून ठेवली होती. “देवळात मिस्सा सांगून झालीय, मेजवानीच्या मोले रश्शाचं वाटण वाटून झालंय, पद्रिनोनं अंगठी घडवलीय,” ती म्हणाली होती. “दोन पेपरांसाठी टर्की काय जिवंत ठेवायचे? दोन पेपर दे सावकाश.” ते सावकाश काही आलं नाही. वडील चार वर्षं अंथरुणावर होते, मग लग्न, मग इत्सेल, मग इत्सेलचा बाप कमवायला सीमेपलीकडे उत्तरेला गेला आणि तिकडचाच झाला.

आणि पद्रिनो? पदवीच्या मिस्सेत पोरीच्या बोटात अंगठी घालतो तो पद्रिनो. सख्खा काका एक वेळ विसरेल, पद्रिनो विसरत नाही. डॉन तेओफिलो गावातला जुना तांबट. बाकीच्या पोरींना सोन्याच्या अंगठ्या मिळाल्या, ओतिलियाला त्यानं स्वतःच्या भट्टीत घडवलेली तांब्याची दिली, आतून वर्षाचे आकडे ठोकलेली. ती तिनं एक दिवस काढली नव्हती. बोटाला कायमचं हिरवं कडं पडलं होतं. पुढे तिनं बालवाडी काढायचं म्हटलं तेव्हा त्यानं आपली जुनी भट्टीशाळा चुना लावून रिकामी करून दिली. “माझी पोर शिकलेली आहे,” तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. “मी तिचा पद्रिनो.” कुणी विचारलं नसलं तरी सांगायचा.

त्याला हे गुरुवारच्या आधी, आपल्या तोंडानं सांगायचं, असं ओतिलियानं ठरवलं होतं. आणि तो दर रविवारी जेवायला येत असे.

*

रामिरो आला तो हातात कोथिंबिरीची जुडी आणि कपाळावर आठी घेऊन. ओतिलियाचा हा धाकटा भाऊ हिशेबनीस. गाव त्याला नावानं नाही, ‘हिशेबनीस साहेब’ म्हणून हाक मारायचं, आणि त्याला ते आवडायचं.

“ताई, आई म्हणते तू आज सांगणार आहेस.”

“सांगणार आहे.”

“कशासाठी? गुरुवारी जा, परीक्षा दे, कागद घेऊन ये, ट्रंकेत टाक. तपासणीस आला की दाखव. गावाला काय करायचंय? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मामा, कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही,” इत्सेल कांदा चिरता चिरता म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज ठणठणीत. “कागदावर तारीख असते. या वर्षाची. तपासणीस बघेल, मग त्याची बायको बघेल, मग बाजार बघेल. त्यापेक्षा आईनं सांगितलेलं बरं.”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“दीड वर्ष मीच तिला प्रश्न विचारतेय, मामा. तुम्ही एकदा तरी विचारलात?”

रामिरोनं कोथिंबीर टेबलावर ठेवली आणि आवाज खाली आणला. “ताई, डॉन तेओफिलोंच्या भावाचं काय झालं ते विसरलीस? यंत्रावर दाबलेली कढई हातोडीची म्हणून विकली त्या बिचाऱ्यानं. एक! मेला बिचारा, तरी डॉन तेओफिलो त्याच्या मयताला गेले नाहीत. तुझी बालवाडी त्यांच्या छपराखाली आहे.”

हे खरं होतं आणि ओतिलियाला रामिरोपेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं. त्या छपराखाली अठ्ठावीस पोरं होती. रोज सकाळी पलीकडच्या भट्टीतून हातोडीचे ठोके सुरू झाले की पोरं त्या ठेक्यावर रांगेनं आत यायची. आणि छपराचं सोडा. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाठ फिरवली तर ती काय करणार होती? वडील गेल्यावर तिला ‘पोरी’ म्हणणारं दुसरं माणूस उरलं नव्हतं.

“मी मेल्यावर सांग,” आई चुलीपाशी म्हणाली. आज या विषयावर पहिल्यांदाच तोंडानं बोलली. “फार दिवस नाहीत. तेवढी कळ काढ.”

“तू हे मी लग्न केलं तेव्हापासून सांगतेयस.”

“तेव्हापासून मरतेयच मी.”

इत्सेलला हसू आवरेना. रामिरो तिच्यावर डोळे वटारणार, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

*

डॉन तेओफिलो आत आला की कुणाशी बोलायच्या आधी कढईपाशी जायचा, तिच्या काठावर बोटाच्या पेरानं टिचकी मारायचा आणि कान देऊन ऐकायचा. कढई त्यानंच घडवलेली, डोन्या चोलेच्या लग्नातली. आवाज बरोबर आला की मान हलवायचा आणि मगच टोपी काढायचा. आजही तसंच केलं. आत डुकराचं मांस स्वतःच्याच चरबीत तांबूस होत आलं होतं.

“बोलतेय अजून,” तो म्हणाला. “कोमाद्रे, तुमची तब्येत?” पोरीच्या आईला पद्रिनो कोमाद्रेच म्हणायचा.

“माझं सोडा. कढईची चांगली आहे ना, झालं,” डोन्या चोले म्हणाली. “बसा, बसा. गरम खा.”

आणि मग तिनं जे काही सुरू केलं! त्याच्या पानात मांस, त्यावर आणखी मांस, रोट्या, चटणी, पुन्हा रोट्या. कुणाला बोलायला फट म्हणून ठेवली नाही. पावसाबद्दल बोलली, नव्या पाद्रीबाबांच्या लांबलेल्या प्रवचनाबद्दल बोलली, शेजारणीच्या गाभण गाढवीबद्दल तर इतकी बोलली, की रामिरोसुद्धा तिच्याकडे बघत राहिला. शेवटी आई श्वास घ्यायला थांबली, तेवढ्यात ओतिलियानं उरकून टाकलं.

“पद्रिनो, मी गुरुवारी मोरेलियाला जातेय. पदवीची परीक्षा द्यायला.”

“आणखी एक?” म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. “वरची पदवी?”

“नाही. पहिलीच.”

तो रोटी घडी करत होता. हात थांबला.

मग ओतिलियानं सगळं सांगितलं. वडिलांचा झटका, राहिलेले दोन पेपर, फोटोवाल्याची गुंडाळी. कुणावर ढकललं नाही, आईचं नावसुद्धा घेतलं नाही. ‘आम्ही’ म्हणत राहिली. चुलीतला जाळ आवाज करत होता. इत्सेल ओठ दाबून बसली होती.

“म्हणजे त्या दिवशी,” डॉन तेओफिलो हळूहळू म्हणाला, “देवळात. मी कशाचा पद्रिनो होतो?”

“मिस्सेचे होतात की!” डोन्या चोले पटकन म्हणाली. “मिस्सा खरी होती. मोले खरं होतं. पाद्री खरे होते. दोन पेपर तेवढे…”

“कोमाद्रे. मी पोरीशी बोलतोय.”

“कशाचेच नव्हता, पद्रिनो,” ओतिलिया म्हणाली.

त्यानं रोटी पानात ठेवली. तेलकट हात रुमालाला पुसले, एकेक बोट, सावकाश.

“अंगठी काढ.”

“डॉन तेओफिलो!” रामिरो उठून उभा राहिला. सकाळपासून झाकली मूठ झाकली मूठ करणारा हाच माणूस, पण आता त्याचा चेहरा लाल झाला होता. “तीस वर्षं गावातली निम्मी पोरं तिनं हाताला धरून शिकवलीयत. माझी दोन्ही पोरं तिच्याकडून अक्षर शिकली. तिला कागद नव्हता म्हणून काय अक्षर खोटं झालं? तुम्ही कुणाशी बोलताय?”

“हिशेबनीस साहेब,” म्हातारा म्हणाला, “तुमच्या वहीत झालेला खर्च आणि होणार असलेला खर्च एकाच रकान्यात लिहिता का?”

रामिरो बसला नाही. बहिणीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ओतिलियाला आपला भाऊ उंच वाटला.

अंगठी निघेना. बोटांचे सांधे सुजलेले, त्यात तीस वर्षांची सवय. तिनं ओढली, फिरवली, कातडी सोलवटली. शेवटी तिनं पानातली चरबी बोटाला लावली आणि डोळे मिटून ओढली. अंगठी आली. खाली हिरवं कडं तसंच होतं.

डॉन तेओफिलोनं ती रुमालात बांधली, खिशात टाकली, टोपी घातली. पानात अर्धं जेवण तसंच. फाटकाकडे जाताना कढईजवळून गेला, पण टिचकी मारली नाही.

कडी वाजली तशी डोन्या चोले मुलीवर धावली. “झालं समाधान? मिळालं पुण्य? हात दाखवून अवलक्षण!”

“आजी, पुरे,” इत्सेल म्हणाली आणि एकदम रडायला लागली. “आई, मीच तुला भरीस घातलं. मला वाटलं ते हसतील. मला खरंच वाटलं ते हसतील गं.”

ओतिलियानं लेकीला जवळ घेतलं. चरबीचा हात तिच्या केसांना लागू नये म्हणून लांब धरला होता, आणि ते उघडं बोट तिला दुसऱ्याच कुणाचं वाटत होतं.

*

सोमवारी भट्टीतून ठोके आले नाहीत. पोरं दारात गोंधळून उभी राहिली. रांग कशाच्या तालावर करायची?

“बाई, आजोबा आज ठोकत का नाहीत?” एका पोरीनं विचारलं.

“आज सुट्टी असेल. चला, आपण टाळ्या वाजवू.”

मंगळवारीही टाळ्याच. बुधवारी दुपारी, पोरं झोपलेली असताना, भिंतीपलीकडून बारीक टिकटिक ऐकू आली. कढईचा तो आवाज नव्हता. थोड्या वेळानं तीही बंद झाली. ‘सामानाची बांधाबांध करत असतील,’ ओतिलियाच्या मनात आलं, ‘किंवा माझ्या दाराला नवं कुलूप घडवत असतील.’ मनाचं काय, वैरीसुद्धा चिंतणार नाही ते ते चिंततं.

घरी आई तिच्याशी बोलत नव्हती. बुधवारी संध्याकाळी शाल डोक्यावरून घेऊन निघाली. “कुठे?” म्हटलं तर म्हणाली, “मेणबत्त्या आणायला.” बऱ्याच वेळानं आली, हातात एकही मेणबत्ती नव्हती. गुरुवारी पहाटे भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डोकं दुखतंय म्हणे. ओतिलियानं तिच्या पायांवर पांघरूण सारखं केलं आणि इत्सेलला घेऊन बसथांब्याकडे निघाली.

कोपऱ्यावर रामिरोची गाडी उभी होती.

“बसमध्ये तुझा झंपर चुरगळेल,” तो काच खाली करून म्हणाला. त्यानं टाय लावला होता. “बसा. आणि मला प्रश्नांचा कागद द्या. वाटेत विचारतो. सुरुवातीपासून.”

“टाय कशाला, मामा?” इत्सेल म्हणाली.

“मला झोप नाही लागली रात्रभर. बस गं मुकाट्यानं!”

*

खोली लहान होती. टेबलामागे तिघं परीक्षक: मधे एक बारीक, ताठ बाई, चष्म्याला साखळी; डावीकडे एक तरुण, उजवीकडे एक पोक्त गृहस्थ, ज्यांना सर्दी झालेली होती. मागच्या खुर्च्यांवर रामिरो आणि इत्सेल.

सुरुवात बरी झाली. तिनं निबंध लिहिला होता तो एका मुलावर, जो वर्षभर शब्द बोलला नाही आणि एके दिवशी दुसऱ्या मुलाला बुटाची नाडी बांधायला शिकवताना बोलला. त्याच्याबद्दल सांगताना ओतिलिया विसरली की समोर परीक्षक आहेत. पोक्त गृहस्थांनी नाक पुसणं थांबवलं. मग ताठ बाईंनी विचारलं, “मूल आधी दुसऱ्याच्या सोबतीनं शिकतं आणि मग ते आपलंसं करतं. हा विचार कुणाचा?”

ओतिलियानं डोळ्यांपुढे फळी आणली. मिठाचा डबा. झाकण.

“पियाजे,” ती म्हणाली.

मागे इत्सेलच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. ताठ बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. आणि ओतिलियाला एकदम दिसलं: आईचा हात, लिंबाच्या रसानं ओला, झाकण दाबून बसवतोय; भलत्याच डब्यावर.

“नाही, नाही! विगोत्स्की. झाकणं बदलली गेली.”

“कसली झाकणं?”

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिनं सांगितलं. तरुण परीक्षक तोंडावर हात धरून हसला, पोक्त गृहस्थ शिंकले की हसले ते कळलं नाही. बाई हसल्या नाहीत.

“परीक्षा म्हणजे स्वयंपाकघर नव्हे,” त्या म्हणाल्या. ते काही चूक नव्हतं. “आणखी एकच विचारते. नियम आला नसता, तर ही पदवी तुम्ही घेतली असती का?”

ओतिलियाचा अंगठा आपोआप त्या हिरव्या कड्यावर गेला. छान छान उत्तरं तिला पाठ होती; इत्सेलनं तीनचार करून घेतली होती. ज्ञानाची ओढ वगैरे.

“नसती घेतली,” ती म्हणाली. “माझ्याकडे होती ना. भिंतीवर टांगलेली. इतकी वर्षं धूळ पुसत होते मी तिची. बाई, रिकामं भांडं झाकून ठेवलं की उघडून बघायची भीती वाटते. नियमानं झाकण काढायला लावलं. आता मला माहीत आहे त्यात काय होतं आणि काय नव्हतं.”

त्यांना बाहेर पाठवण्यात आलं.

बाहेर रामिरो टाय सैल करत होता, पुन्हा घट्ट करत होता. “पियाजे!” तो पुटपुटत होता. “एवढा सोपा!”

“मामा, तासाभरापूर्वी तुम्ही त्याला ‘पिकाजे’ म्हणत होतात.”

आत बोलावलं. सगळ्यांनी उभं राहायचं. पोक्त गृहस्थांनी वाचलं: “बहुमतानं उत्तीर्ण.” तिघांनी नाही, दोघांनी. ताठ बाई सरळ समोर बघत होत्या. ओतिलियानं उजवा हात पुढे धरून शपथ घेतली, आणि बोटावरचं हिरवं कडं खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. तिला लाज वाटली नाही. वर ताठ बाईंनीच पहिल्यांदा हात मिळवला. “त्या मुलाचं छान लिहिलंयत,” त्या म्हणाल्या. “पण नावं पाठ करा.”

*

व्हरांड्यातल्या दगडी बाकावर डॉन तेओफिलो बसला होता. लग्ना-मयतातला काळा कोट, मांडीवर टोपी. शेजारी शाल गुंडाळून डोन्या चोले, डोकेदुखीचा मागमूस नाही.

“पद्रिनो,” ओतिलिया म्हणाली. “आत का नाही आलात?”

“आत आलो असतो तर होण्याआधीच झाल्यासारखं झालं असतं,” तो म्हणाला. “तसं मी एकदा केलंय. झालं?”

“झालं.”

“कागद.”

तिनं दिला. चष्मा नव्हता, त्यानं इत्सेलकडे दिला. इत्सेलनं मोठ्यानं वाचला, तारखेसकट.

“बहुमतानं म्हणजे?”

“तिघांतल्या दोघांनी हो म्हटलं,” रामिरोनं खुलासा केला आणि घाईनं पुढे म्हणाला, “पण कायद्यानं ते पूर्ण…”

“एकानं नाही म्हटलं?”

“बाईंनी. मी एक नाव चुकले,” ओतिलिया म्हणाली.

म्हाताऱ्यानं कागद इत्सेलकडून परत घेतला. मग त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हलल्या. रविवारपासून एकही कढई न ठोकलेला तो माणूस हसला.

“मग खरी आहे,” तो म्हणाला. “त्या वेळी सगळ्यांनी हो म्हटलं होतं.”

डोन्या चोलेनं शाल सारखी केली. “माझ्याकडे बघू नका. मी काल त्यांना स्पष्ट सांगून आले. म्हटलं, माझं सोंग होतं. पोर त्या दिवशी टोपी घालायला तयार नव्हती, मी चिमटा काढून घातली. बाप आत अंथरुणात पडलेला. म्हटलं, त्याला एकदा डोळे भरून बघू दे. माफीबिफी नाही मागितली मी.”

“नाही मागितली,” डॉन तेओफिलो म्हणाला. “बसली आणि रडली. कोळसे विझायची वेळ आली.”

“धूर होता!”

ओतिलियानं आईकडे पाहिलं. बाप बघत होता हे तिला आठवलं: वाकडं झालेलं तोंड, एका बाजूनं हसणारं. इतकी वर्षं तो दिवस तिला लाजेनंच आठवायचा, आणि त्यात वडिलांचं ते हसू होतं हे ती साफ विसरून गेली होती.

डॉन तेओफिलोनं रुमाल सोडला. तीच अंगठी, पण भट्टीतून जाऊन आलेली, ठोकून सांध्यावरून जाईल इतकी रुंद केलेली, लालबुंद झगझगीत. ओतिलियानं आत बघितलं. वर्ष नव्हतं. सगळं गुळगुळीत.

“बुधवारी जुनं मोडलं,” तो म्हणाला. “नवं ठोकलं नाही. तू नापास झाली असतीस तर? मी आता काही आधी ठोकत नाही.”

कोटाच्या दुसऱ्या खिशातून त्यानं बारीक हातोडी, एक लोखंडी कांडी आणि आकड्यांचे ठसे काढले. अंगठी कांडीवर चढवली, कांडी बाकाच्या कडेला टेकवली आणि पलीकडचं टोक रामिरोच्या हातात दिलं. “हिशेबनीस साहेब, घट्ट धरा.”

“पण काका, आकडे तर आतून…”

“आत होते, म्हणून कुणाला दिसले नाहीत. या वेळी बाहेरून.”

पहिला ठोका पडला तसा तो सगळ्या व्हरांड्यात घुमला. टोकाला पहारेकरी उठला. “ओ आजोबा! इथे ठोकाठोक करायची नाही!”

“होतंय, होतंय,” डॉन तेओफिलो म्हणाला. “तीस वर्षं थांबलंय, आता तूही थांब.”

दुसरा ठोका. तिसरा. खोलीचं दार उघडून चष्म्याची साखळी बाहेर डोकावली, बघत राहिली आणि काही न बोलता दार तसंच उघडं ठेवून आत गेली. चौथा ठोका देऊन म्हाताऱ्यानं अंगठी कोटाच्या बाहीला घासली, कानाशी नेली, नखानं टिचकी मारली आणि ऐकलं.

मग त्यानं मान हलवली. “हात दे, पोरी,” तो म्हणाला.

ओतिलियानं हात दिला. अंगठी सांध्यावरून सरकली आणि हिरव्या कड्यावर जाऊन बसली.

“कोमाद्रे,” डॉन तेओफिलो टोपी घालत म्हणाला, “आता वाटा मोले.”